दुपारचा फोटो

“आई, मागच्या टायमाला तू मत कुणाला दिलंस?”

शेफालीनं प्रश्न टाकला आणि श्वास धरून उभी राहिली. आई अंगणात उकिडवी बसून दगडावर विळ्याला धार लावत होती. तिचा हात काही थांबला नाही. पाण्याचा हबका, विळा खाली-वर, परत हबका. अंगठ्यानं धार चाचपली आणि मान वर न करता म्हणाली, “मशीनला विचार.”

मोरीपाशी दात घासणारे पप्पा फिसकन हसले आणि तोंडातला फेस बनियनवर सांडला. “बावीस वर्षं झाली लग्नाला,” ते म्हणाले, “मला बी न्हाई सांगितलं अजून. म्हणं तुला सांगंल!”

झालं. पैज हरली.

पैज लागली होती आदल्या दिवशी, नसरापूरच्या स्टँडवर वडापच्या जीपची वाट बघताना. सोनिया म्हणाली होती, “बायकांचं काय मत असतंय गं? घरातला गडी सांगंल ते बटन.” शेफाली उसळली. “माझ्या आईचं असतं. स्वतःचं.” “मग विचार की तिला. हाय का हिंमत?” हिंमतीचं नाव काढल्यावर शेफाली थांबणार होय? पंधरा ऑगस्टला तिनं शाळेच्या मैदानात माईक हातात धरून सात मिनिटं भाषण ठोकलं होतं, चिठ्ठीत न बघता, आणि तेव्हापासून ती एसटीच्या कंडक्टरशीसुद्धा मुद्देसूद भांडत होती. ठरलं असं की जिला आईकडून उत्तर काढता येणार नाही तिनं दुसरीची बायॉलॉजीची जर्नल लिहून द्यायची, बेडकाच्या आकृतीसकट. सोनियाच्या आईनं तर त्याच संध्याकाळी चहा गाळता गाळता सांगून टाकलं होतं.

त्यात शेफालीला यंदा दुहेरी उत्सुकता. बारावी सुरू असतानाच तिला अठरा पूर्ण झाली होती आणि मतदार यादीत नाव आलं होतं, हरवलेल्या माणसासारखा दिसणारा फोटो छापून. ग्रामपंचायतीच्या मतदानाला सोळा दिवस राहिले होते. मानसिंगआण्णांची छत्री आणि आनंदरावांची शिट्टी. वाडीतल्या प्रत्येक खांबावर एकतर छत्री उघडलेली, नाहीतर शिट्टी टांगलेली.

“आई, पण निदान एवढं तरी सांग...”

“आज शाळा सकाळची ना तुझी? येताना वरती पाणी घेऊन ये. दोन कॅन.” आईनं विळा कमरेला खोचला, कोनाड्यातला मोबाईल पिशवीत घातला आणि ती डोंगराकडं निघालीसुद्धा.

आई मेट होती. म्हणजे रोजगार हमीवर चौदा बायकांची टोळी, आणि त्या टोळीची म्होरकी ती. चौदांतली एक तीच. वनखात्याच्या डोंगरावर जाळरेषा काढायचं काम चाललं होतं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चार पुरुष आडवे झोपतील एवढा रुंद पट्टा. त्यातलं गवत कापायचं, पालापाचोळा दाताळ्यानं ओढून काढायचा, जमीन उघडी करायची. वणवा लागला तर तिथपर्यंत येईल आणि खायला काही नाही म्हणून बसेल. सोनियाला शेफालीनं सांगितलं होतं, “आई फॉरेस्टमध्ये आहे.” ते खोटं नव्हतं. पण सोनियाच्या डोळ्यांपुढं टेबल-खुर्ची आली असणार, आणि शेफालीनं ती खुर्ची काही काढून घेतली नव्हती.

दुपारी ती दोन कॅन घेऊन चढली तेव्हा घामानं ड्रेस पाठीला चिकटला होता. डोंगर भाजक्या पापडासारखा कडकडत होता. कुसळं सलवारीत घुसत होती. वरून विळ्यांचा आवाज येत होता, खस्स खस्स, एका लयीत, आणि त्यावर अक्काबाईचा आवाज.

“आली बघा मास्तरीण! पानी आणलंय का नुसतं भाषण?”

अक्काबाई टोळीतली सगळ्यांत म्हातारी. मराठ्यांच्या आळीतली. कंबर वाकलेली, पण दाताळं ओढायला लागली की तरण्या बायका मागं पडायच्या. तिचं एकच दुखणं होतं, फोटो. या कामावर आता हजेरी कागदावर चालत नसे. सकाळी एक आणि दुपारी एक, सगळ्या बायकांचा रांगेत फोटो काढून मेटनं ॲपवर चढवायचा. दोन्ही चढले तर दिवस भरला, नाहीतर नाही. आणि ॲप उघडायलाच रेंज लागायची. रेंज अख्ख्या डोंगरावर एकाच जागी होती, जाळरेषेच्या वरच्या टोकाला एक काळा कातळ होता तिथं. बायका त्याला रेंजचा दगड म्हणायच्या. दिवसातून दोनदा चौदा जणी कामावरून वीस मिनिटं चढून त्या दगडापाशी जायच्या, कोंबड्या मोजायला उभ्या केल्यासारख्या उभ्या राहायच्या, आणि अक्काबाई हमखास पदर तोंडावर ओढायची.

“अक्का, तोंड दिसाया पायजे. त्यो ॲप तुमाला मोजत न्हाई मग,” आई म्हणायची.

“न्हाई मोजलं तर न्हाई. आमच्या मालकानं बी माझा फोटो कवा काढला न्हाई, ह्यो कोण लागून गेला?”

तरी पदर कपाळापर्यंत सरकायचा. आई कधी ओढायची नाही. थांबायची. अक्काबाईनं आपल्या हातानं सरकवला की मगच बटण दाबायची.

शेफालीनं दोन्ही कॅन सावलीत ठेवले. अर्धी जाळरेषा झाली होती. वरचा भाग हजामत केल्यासारखा मोकळा, खालचा अजून कमरेएवढ्या गवतानं भरलेला. पट्ट्याच्या उजव्या अंगाला दोन पावसाळ्यांपूर्वी ह्याच बायकांनी लावलेली रोपं होती. करंज, आवळा, बेहडा. काही शेफालीच्या खांद्याला लागत होती. त्यांच्या खाली वाडी, आणि वाडीच्या कडेला गवताच्या गंजी.

खालून हलगी ऐकू आली.

“मानसिंगआण्णाची फेरी,” टोळीतली बाळाबाई डोळ्यांवर हात धरून म्हणाली. “छत्र्या बघा किती! ऊन हाय म्हणून का इलेक्शन हाय म्हणून?”

बायका हसल्या. खाली धुळीत पांढरी गाडी, तिच्यामागं टेम्पो, माणसं, घोषणा. मग फटाक्यांची लड लागली. तडतड तडतड, संपेचना. धूर वर आला. फेरी पुढच्या आळीला वळली, हलगी लांब गेली, पण धूर काही गेला नाही.

आईनं विळा थांबवला. नाक वर करून हुंगलं. “फटाक्याचा न्हाई ह्यो धूर,” ती म्हणाली. “गवताचा हाय.”

पायथ्याला एक नारिंगी जीभ दिसली. मग दोन. बघता बघता ती ओळ झाली. दुपारचं वारं वरच्या बाजूला वाहतं, हे डोंगरात वाढलेल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. ओळ रोपांकडं चढायला लागली.

नेमका त्याच वेळी आईच्या पिशवीत मोबाईल किणकिणला. दुपारच्या फोटोचा गजर.

“आई, फोटो!” शेफाली ओरडली. “आधी फोटो काढून घ्या, मग जा! नाहीतर हजेरी जाईल.”

आईनं एकदा वर दगडाकडं बघितलं, एकदा खाली. सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या. चौदा जणींचा दिवस तिच्या एका बोटाखाली होता, आणि वीस मिनिटं चढायला, तेवढीच उतरायला.

“तवर रोपं ऱ्हातील का?” आईनं कुणाला विचारलं कळलं नाही. पिशवी शेफालीच्या हातात दिली. “बंद कर ते.”

आणि मग शेफालीनं जे बघितलं ते तिनं पुढं सोनियाला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा तिला वाटलं की नीट सांगता आलं नाही.

आई धावली नाही. बाकीच्या धावायला निघाल्या तर तिनं हाक मारून थांबवलं. “समोरून जायचं न्हाई कुणी! बाळाबाई, तुमी सहा जणी दाताळी घ्या, पट्टा जितं संपलाय तितनं खाली रोपांच्या कडंनं ओढत चला. गवत कापत बसू नका, नुसतं मोकळं करा, दोन हात पुरे. अक्का, जांभळीच्या वल्या डहाळ्या तोडा. कॅनमधलं पानी प्यायचं न्हाई. पदर भिजवा.”

पदर भिजले, कमरेला खोचले गेले. सहा दाताळी एकापाठोपाठ एक पडायला लागली आणि गवतात भांग पडावा तशी रेघ उघडत गेली. आग आता आवाज करत होती, वाळक्या पानांच्या गोणीवर कुणी नाचत असल्यासारखा. तोंडाला झळा लागत होत्या. ससा की काय एक करडं काही शेफालीच्या पायातून निसटून गेलं.

मग आईनं कमरेतून काडेपेटी काढली.

“आई! काय करतेस?”

आईनं रेघेच्या खालच्या अंगाला गवताला काडी लावली. स्वतःच्या हातानं. तीन ठिकाणी. शेफालीला वाटलं आईला वेड लागलं. पण ती लहान आग वाऱ्याच्या उलट्या दिशेनं, रुसल्यासारखी, हळूहळू खाली सरकत गेली. जी ठिणगी रेघ ओलांडायला बघायची तिच्यावर डहाळी पडायची. थाड. थाड. आठ बायका ओळीनं उभ्या, आणि मधे वाकलेली अक्काबाई आगीला शिव्या घालत झोडपतीये, “ये मुडद्या, हिकडं ये, तुला दावते!”

शेफालीनंही डहाळी उचलली. किती वेळ झोडपलं कुणास ठाऊक. डोळ्यांतून पाणी, नाकातून काळं. मग खालची मोठी आग आणि वरची लहान आग एकमेकींना भेटल्या. एकदम माणूसभर उंच भडका उठला, बायका मागं सरल्या, आणि भडका खाली बसला. पुढं खायला काही नव्हतं. दोन्हीकडं काळं.

रोपं उभी होती. कडेची पाच-सहा करपली, बाकी उभी.

आई खाली बसली. तिचा उजवा तळवा फोडानं टम्म फुगला होता. ती म्हणाली, “पानी हाय का गं थोडं?” कॅनमध्ये थेंब नव्हता.

पाच वाजता सगळ्या जणी रेंजच्या दगडापाशी पोचल्या. आईनं ॲप उघडलं. वेळ टळली होती, ॲप फोटो घेईना. तिनं दोनदा, तीनदा दाबून बघितलं. चौदा काळी तोंडं मोबाईलकडं बघत उभी होती.

अक्काबाईनंच तोंड उघडलं. “न्हाई घेत ना? नगं घेऊ. शेफाले, तू काढ. साधा काढ. आज ही म्हातारी तोंड झाकणार न्हाई.” आणि तिनं पदर सरळ खांद्यावर टाकला. पांढरे केस धुरानं पिवळे झाले होते. शेफालीनं फोटो काढला. एखादा हलला असला तर म्हणून दोन काढले.

तेवढ्यात वनरक्षक हनुमंत पाठीवर पानं उडवायचं मशीन घेऊन धापा टाकत आले. वेल्ह्याच्या बाजूला दुसरा वणवा होता, तिथून ते पळत आले होते. विझलेला डोंगर बघून ते मटकन दगडावर बसले. “मायाताई,” ते आईला म्हणाले, “माझी काय गरजच ठेवली न्हाई तुमी.” मग मांडीवर पॅड ठेवून पंचनामा लिहायला घेतला. किती क्षेत्र, किती वाजता लागली, किती वाजता विझली, कुणी विझवली. चौदाही नावं लिहिली. ‘कारण’ या शब्दापाशी पेन अडलं. खाली रस्त्यावर फटाक्यांचे लाल कागद पसरले होते, इथूनसुद्धा दिसत होते. हनुमंतांनी आईकडं बघितलं.

“बघितलंय तेवढंच लिवा,” आई म्हणाली. “जास्त बी नगं, कमी बी नगं.”

हनुमंतांनी लिहिलं, ‘पायथ्याशी रस्त्यालगत फटाक्यांचे जळालेले कागद आढळले.’ दहा जणींनी सह्या केल्या, चौघींनी अंगठे.

दोन दिवसांनी हजेरी दिसली. त्या दिवसापुढं चौदाही नावांना गैरहजर. वर आणखी असं कानावर आलं की ही टोळी कामाच्या वेळी जागेवर नसते, उरलेली जाळरेषा पलीकडच्या वाडीला द्यायचं चाललंय.

“आमी जाग्यावर नव्हतो?” बाळाबाईनं डोकं धरलं. “मग काय डोंगर पावसानं इझला?”

शेफाली इतकी चिडली की तिनं बेडकाची आकृती दोनदा चुकवली. आई मात्र फडक्यानं तळवा बांधून दुसऱ्या हातानं गवत कापत होती. डाव्या हातानं. विळा उलटा बसत होता, तरी कापत होती.

गुरुवारी सकाळी मानसिंगआण्णा आले. पांढरी गाडी खंडोबाच्या देवळापाशी थांबली. देवळापुढं चौरंग मांडला, चौरंगावर भंडाऱ्याचं ताट. आणि शेजारी, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, विहारातला बाबासाहेबांचा फोटो. तो खिळ्यावरून कुणी काढून आणला हे कुणी सांगेना.

टोळीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं होतं. पप्पाही कापूरहोळच्या गॅरेजवर जायचे थांबले होते. शेफाली भिंतीला टेकून उभी राहिली.

“जयभीम वैनी,” मानसिंगआण्णा आईला म्हणाले. एरवी ते नुसती मान हलवायचे. “हात कसा हाय? ऐकलं म्या. लई मोठं काम केलं तुमी. आन् हजेरी न्हाई लागली, ते बी ऐकलं. वाईट वाटलं. ती लावून आणायची जबाबदारी माझी. एक फोन लावायचा अवकाश. काम बी हितंच ऱ्हाईल.”

बायकांत कुजबुज झाली. बाळाबाईनं आईचं कोपर दाबलं.

“फक्त एक हाय,” आण्णा हसत म्हणाले. “वाडी आपली एक हाय हे दिसाया पायजे. ह्यो भंडारा हाय. उचलायचा आन् म्हणायचं, छत्री. तुमच्या घरास्नी भंडारा चालत न्हाई, म्हायतीये मला. म्हणून मुद्दाम सायबांचा फोटो आणलाय. त्याच्यावर हात ठिवा. ज्याची त्याची श्रद्धा.”

ते अगदी मनापासून बोलत होते. सगळ्यांची सोय केली म्हणून खूशही दिसत होते. हजेरी चौदा जणींची होती. आई एकटीची असती तर गोष्ट वेगळी. आता आई काय करणार?

आई पुढं झाली. बांधलेल्या हातानं पदर सावरला, डाव्या हातानं खुर्चीवरचा फोटो उचलला. काचेवर रस्त्याची धूळ बसली होती. ती पदरानं पुसली, कोपरे सुद्धा पुसले. आण्णा मान डोलवत बघत होते.

“आण्णा,” ती म्हणाली, “वाडीत नळ तुमी आणला. म्या त्याचंच पानी पिते, इसरले न्हाई. पर ह्या माणसानं मला मत दिलं, आन् ते झाकून टाकायचं म्हणून सांगितलं. आता त्याच्यावरच हात ठिवून म्या ते उघडं करू व्हय?”

फोटो छातीशी धरून ती उभी होती.

“आन् हजेरी लावायची तर आमी काम केलं म्हणून लावा. बटन दाबणार म्हणून नगं.”

आण्णांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतलं मात्र सरलं. “मग बाकीच्यांचं तुमी ठरवणार का वैनी? ह्या तेरा जणींचं नुसकान?”

आईनं मागं वळून बायकांकडं बघितलं, आणि शेफालीला पहिल्यांदाच आईच्या डोळ्यांत भीती दिसली. आगीपुढं दिसली नव्हती ती.

अक्काबाई काठी टेकत चौरंगापाशी गेली. वाकून चिमूटभर भंडारा घेतला. अक्काबाई खंडोबाची कट्टर भक्त, भंडारा उचलून बोलली की मेली तरी शब्द फिरवणार नाही, हे सगळ्यांना माहीत.

तिनं भंडारा कपाळाला लावला. उरलेला आईच्या कपाळाला न लावता तिच्या भाजलेल्या हाताच्या फडक्यावर पुसला. मग देवळाकडं तोंड करून हात जोडले.

“मानसिंगा,” ती म्हणाली, “तुला मी शेंबडा बघितलाय म्हणून सांगते. माझा खंडोबा देव हाय. तुझा पोलिंग एजंट न्हाई. त्याला कशाला साक्षीला वढतो? उन्हाचं घेऊन जा त्ये ताट, मुंग्या लागतील.”

कुणीतरी हसलं. बहुतेक बाळाबाई. मग हसू आवरेचना कुणाला. आण्णाही कसनुसे हसले, गाडीत बसले, ताट मात्र विसरले. आई फोटो घेऊन विहाराकडं गेली आणि खिळ्यावर लावून दोन पावलं मागं सरून बघितलं, सरळ बसलाय का. मग कामावर.

संध्याकाळी आई घरी आल्यावर आनंदरावांचा फोन आला. ‘ताई, फटाके कुणी लावले ते एवढं मोबाईलवर बोला, आम्ही व्हिडिओ करतो, गावभर फिरवतो.’ आई म्हणाली, “जे बघितलं ते पंचनाम्यात लिवलंय. तितनं वाचा,” आणि फोन ठेवला.

पंचनामा! शेफाली टुणकन उडाली.

“आई! त्या कागदावर चौदा नावं आहेत ना? वेळ आहे ना? सरकारच्याच माणसानं लिहिलंय ना तुम्ही डोंगरावर होता म्हणून?”

आईनं तिच्याकडं असं बघितलं की पंधरा ऑगस्टच्या टाळ्या त्यापुढं फिक्या.

शेफालीनं अर्ज लिहिला. पहिला खर्डा चार पानी झाला, त्यात ‘निसर्गमातेच्या लेकी’ असं होतं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ह्यातलं फकस्त काय झालं तेवढं ठिव.” एक पान राहिलं. हनुमंतांनी पंचनाम्याची प्रत दिली, खालच्या मानेनं नव्हे, चांगली शिक्का मारून.

वेल्ह्याला रोजगार हमीच्या कचेरीत दोघी सकाळी दहाला पोचल्या. साहेब मीटिंगला. बाहेर बाकडं होतं, त्यावर फायली होत्या. आई उभी. साडेबारा. एक. दारातल्या माणसानं विचारलं, “मेट कुठं आहे? मेटला पाठवा.” “मीच मेट.” त्यानं तिला पायापासून वर बघितलं, चपलेला लावलेल्या पिनेपाशी जरा थांबून. “बरं. थांबा.” शेफालीच्या ओठावर सात मिनिटांचं भाषण आलं होतं. आईनं नुसता तिचा हात दाबला.

दोनला आत घेतलं. साहेबांनी अर्ज वाचला, पंचनामा वाचला. “पण टोळी कामाच्या जागी नव्हती असं आलंय आमच्याकडं.”

आईनं फडकं सोडलं आणि तळवा टेबलावर उताणा ठेवला. फोड फुटून कातडं लोंबत होतं, मधे लाल. “मग हे कुठं मिळालं, सायेब?”

साहेबांनी हातातला पंचनामा खाली ठेवला. मग म्हणाले, “काही फोटो वगैरे?” शेफालीनं मोबाईल पुढं केला. चौदा काळी तोंडं, मधे पांढऱ्या केसांची उघड्या डोक्याची म्हातारी, मागं अर्धा काळा, अर्धा पिवळा डोंगर. खाली वेळ. साहेबांनी तो मोठा करून एकेक तोंड मोजलं. ओठ हलत होते त्यांचे. मोजून झाल्यावर त्यांनी दारातल्या माणसाला हाक मारली, “खुर्ची आणा रे इथं एक.” आई बसली. शेफालीनं ते नीट बघून ठेवलं.

हजेरी लागली ती मतदानाच्या आदल्या दिवशी. चौदापुढं चौदा खुणा. जाळरेषाही ह्याच टोळीकडं राहिली. बाळाबाईनं रेंजच्या दगडाला हळद लावली. अक्काबाई म्हणाली, “त्याला बी देव करा आता,” पण हसत म्हणाली. त्या दुपारच्या फोटोला तिनं पदर आपणहून मागं घेतला.

सोनियाला शेफालीनं जर्नल दिली, बेडकासकट. “हरलीस ना?” सोनिया म्हणाली. “हरले,” शेफाली म्हणाली. “आणि ऐक, माझी आई फॉरेस्टमध्ये म्हणजे डोंगरावर गवत कापते. मेट आहे ती. चौदा जणींची.” आणि वणव्याची गोष्ट सुरू केली ती नसरापूर गेलं, चेलाडी गेली, तरी संपली नाही.

मतदानाच्या सकाळी पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आईनं निळी साडी नेसली, हाताला नवं फडकं बांधलं. शेफाली ओळखपत्र मुठीत धरून सगळ्यांआधी उंबऱ्यावर उभी. तिथनं दिसत होतं, शाळेकडं जाणाऱ्या रस्त्यावर छत्रीवाले एका बाजूला, शिट्टीवाले दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडून “या ताई, या दादा.” अक्काबाई काठी टेकत पुढं चालली होती. वर डोंगरावर काळ्या पट्ट्याच्या कडेला करंजाची रोपं हिरवी दिसत होती.

पप्पांनी शेफालीला जवळ घेतलं. हळूच विचारलं, “पहिलंच मत हाय तुझं. काय ठरलं का मग?”

आईनं काही विचारलं नाही. पण चप्पल घालता घालता तिचा पाय थांबला.

शेफालीनं घसा साफ केला. माईक नव्हता, तरी अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “आई, पप्पा, माझं ठरलंय. पक्कं ठरलंय. आणि कुणाला ते मी तुम्हाला दोघांनाही सांगणार नाही.”